कच्चे मडके

यंदाच्या वार्षिक अंकासाठी विद्यार्थ्यांना एक विषय सुचवण्यात आला होता : माझा अभ्यास आणि माझी प्रगती. विषय सोपा वाटला म्हणून मी घरी येऊन कागद घेऊन बसले. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका समोर ठेवली. मराठीत ७२, इतिहासात ६१, हिंदीत ५८, अर्थशास्त्रात काठावर ४१ आणि इंग्रजीत २३. एवढे लिहून झाल्यावर पुढे काही सुचेना. त्या पाच आकड्यांत प्रगती म्हणावी असे काही दिसेना आणि अधोगती म्हणायला मन तयार होईना.

खरे सांगायचे तर इंग्रजीच्या २३ गुणांपेक्षा मला दुसरीच गोष्ट झोंबली होती. निकालानंतर लगेचच वर्गात एक उतारा लिहायला दिला होता. माझी वही तपासून परत देताना अध्यापकांनी सर्वांसमक्ष सांगितले की, बाकीच्या विषयांत हिला कितीही गुण असोत, हिचा पाया कच्चा आहे. वर्ग हसला नाही. हसला असता तर निदान रागावता तरी आले असते. सगळे गप्प बसले आणि मी बाकावरच्या रेघोट्या पाहत राहिले. बारावीपर्यंत मी गावातल्या शाळेची हुशार मुलगी होते. बक्षीस समारंभात माझे नाव दोन-दोनदा पुकारले जाई. ते सारे एका शब्दात पुसले गेले, असे मला वाटले. पुढचे आठ दिवस मी त्या तासाला गेले नाही. घरी निकाल सांगितला नाही. कॉलेज सोडून द्यावे आणि आईबरोबर शेतात जावे, असाही विचार मनात येऊन गेला.

त्याच आठवड्यात श्रावणी सोमवार आला आणि आजीने मला औंढ्याला बरोबर नेले. औंढा नागनाथचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून आपण ते मानतो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्यांवरून वाकत, हात टेकत उतरावे लागते. नंदी नेहमीसारखा समोर नाही, तो देवळाच्या मागच्या बाजूला आहे. रांगेत उभ्या उभ्या आजीने नेहमीप्रमाणे त्या नंदीची गोष्ट काढली, आणि तिथून ती नामदेवांवर आणि गोरोबाकाकांच्या मडक्यांवर गेली. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल. त्या दिवशी मात्र त्यातला एक शब्द कानाला लागला. नामदेवांनाही भर सभेत कच्चा म्हटले गेले होते. नामदेवही तिथून उठून गेले होते. पुढे त्यांनी काय केले, हे मला ठाऊक होते, पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते.

म्हणून माझी प्रगती सांगण्याआधी एका फार जुन्या विद्यार्थ्याची प्रगती सांगते.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधल्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इसवी सन १२७० मधला मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई, आडनाव रेळेकर, धंदा शिंप्याचा. जन्म कयाधूच्या काठच्या आपल्या नर्सी बामणीत झाला की पंढरपुरात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण घराणे मूळचे नर्सीचे, असे परंपरा सांगते. म्हणून तर आज त्या गावाला आपण नर्सी नामदेव म्हणतो, आणि आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला परतवारीसाठी तिथे एवढी गर्दी लोटते. नामदेवांचे बालपण पंढरपुरात गेले. देवगिरीला तेव्हा रामदेवराव यादवांचे राज्य होते. शास्त्राचे शिक्षण संस्कृतात चाले, आणि शिंप्याच्या मुलासाठी ते दार बंदच होते. नामाची शाळा म्हणजे घर, बाजार आणि विठ्ठलाचे देऊळ.

या तीन ठिकाणच्या अभ्यासात त्याची प्रगती सारखी नव्हती. देवळातल्या विषयात तो पहिला. वडील गावाला गेले असता आईने त्याच्या हाती नैवेद्य देऊन त्याला देवळात पाठवले. देव जेवत नाही हे पाहून पोर हट्टाला पेटले, डोके आपटून घ्यायला निघाले, आणि शेवटी देव जेवला, अशी कथा आहे. कथा खरी किती आणि श्रद्धेची किती, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू. तिच्यातून मुलाचा स्वभाव कळतो. जे सांगितले ते शब्दशः खरे धरायचे आणि पूर्ण होईपर्यंत हटायचे नाही, हा तो स्वभाव.

धंद्याच्या विषयात मात्र नामा साफ नापास. महिपतींनी १७६२ मध्ये भक्तविजय हा ग्रंथ पूर्ण केला. नामदेवांच्या अशा कथा त्यात विस्ताराने आल्या आहेत. वडिलांनी कापड देऊन बाजाराला पाठवले, तर नाम्याने ते रानातल्या दगडांना पांघरून उधारीवर विकले, आणि वसुलीची हमी म्हणून एक धोंडा जामीन धरून घरी आणला, अशी हकीकत सांगतात. त्या धोंड्याचे पुढे सोने झाले, असेही कथा म्हणते. पण सोने होण्याआधी घरात काय झाले असेल, याची कल्पना आपल्यापैकी ज्यांच्या घरी उधारीची वही आहे त्यांना सहज येईल. गोणाई पोराला परत दे म्हणून विठ्ठलाशी भांडते, बायको राजाई रिकाम्या डब्यांचा हिशेब मांडते. गाथेत या दोघींच्या तक्रारीचे अभंगच आहेत. चार मुले नारा, विठा, गोंदा आणि महादा, मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई, शिवाय गंगाखेडहून आलेली जनाबाई, एवढा मोठा संसार. इतक्या माणसांच्या पोटापुढे नामदेवांची भक्ती ही घरच्यांच्या दृष्टीने बुडीत खात्यातली गोष्ट होती. मला या दोघींचे अभंग परंपरेने जपून ठेवले याचे फार वाटते. मुलगा एका विषयात पहिला आला तरी बाकीच्या विषयांचे ओझे कुणीतरी उचललेले असते.

पंचविशी गाठेपर्यंत नामदेवांचे नाव झाले होते. देव त्यांच्याशी बोलतो, त्यांच्याबरोबर जेवतो, अशी ख्याती होती. गावातल्या हुशार मुलाचे जसे असते तसेच हे होते. हुशारी खोटी नव्हती, पण ती तपासून पाहायची वेळ कधी आलेली नव्हती.

ती वेळ तेरला आली. तेर हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले गाव, गोरा कुंभारांचे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही भावंडे आणि इतर संत तिथे जमले होते. ज्ञानदेव नामदेवांहून पाच वर्षांनी धाकटे, मुक्ताबाई तर सर्वांत लहान, आज असती तर माझ्या पाठच्या बहिणीच्या वर्गात बसली असती. तिने कोपऱ्यातले थापटणे पाहिले आणि गोरोबांना विचारले की हे कशासाठी. गोरोबा म्हणाले की याने मडके पक्के की कच्चे हे कळते. मग आमचीही परीक्षा घ्या, असे तिने सुचवले. गोरोबा थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. बाकी सगळे मुकाट बसून राहिले. नामदेवांना मात्र हा प्रकार अपमानाचा वाटला. ते रागावले, बोलू लागले. गोरोबांनी निकाल सांगितला की हे एवढे मडके कच्चे आहे.

या परीक्षेत काय तपासले गेले, याचा मी बरेच दिवस विचार केला. नामदेवांना अभंग येतात का, देवावर प्रेम आहे का, हे कुणी विचारले नाही. ते तर सर्वांना माहीत होते. मडक्याचा आकार, नक्षी, आव्यात जाण्याआधीची गुळगुळीत पाठ ही परीक्षा नव्हती. ठोकल्यावर आवाज कसा निघतो, एवढेच पाहायचे होते. तो आवाज नामदेवांनी स्वतःच काढून दाखवला. दुखावलेला अहंकार हाच तो बद्द आवाज होता. माझ्याबाबतीत अध्यापकांचा शब्द कठोर होता, असे मला अजूनही वाटते. वर्गाबाहेर बोलावून सांगता आले असते. पण आठ दिवस वर्गाला न जाणे हा माझा स्वतःचा आवाज होता आणि तो मला ऐकू आला नव्हता.

नामदेव तिथून उठून पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे मांडले. इथे कथेला एक वळण आहे. देव आपल्या लाडक्याची बाजू घेईल, गोरोबांना खोटे पाडील, गुण वाढवून देईल, अशी आपली अपेक्षा असते. तसे झाले नाही. विठ्ठलानेही सांगितले की संतांचे म्हणणे खरे आहे, तुला अजून गुरू भेटलेला नाही, विसोबा खेचरांकडे जा. ज्याच्या प्रेमावर एवढा भरवसा होता त्यानेच निकाल कायम केला. नामदेवांना हे ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको. तरी ते निघाले. पंढरपूरहून औंढा म्हणजे आज एसटीनेही दिवस मोडतो. त्या काळी ती कित्येक मुक्कामांची पायपीट होती.

विसोबा खेचर कोण होते, हेही पाहण्यासारखे आहे. परंपरा सांगते की हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेव-भावंडांची टिंगल करणाऱ्यांत पुढे होते. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारवाड्यात मना केली होती, असे म्हणतात. पुढे त्यांचे डोळे उघडले आणि ते त्या लहान मुलांचेच शिष्य झाले. म्हणजे नामदेवांना जो शिक्षक मिळाला तो स्वतः एकदा वाईट रीतीने नापास झालेला माणूस होता. चुकीच्या बाजूला उभे राहून मग परत फिरणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. कच्च्या मुलाला शिकवायला असाच माणूस लागतो, असे मला वाटते.

औंढ्याच्या देवळात नामदेव पोचले तेव्हा विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय टाकून निजले होते. नामदेवांना संताप आला. त्यांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले की मी म्हातारा झालो, माझ्याच्याने पाय उचलवत नाहीत, जिथे देव नाही अशा जागी तूच ते नेऊन ठेव. नामदेवांनी पाय उचलले आणि दुसरीकडे ठेवू लागले, तर जिथे ठेवावेत तिथे पिंडी उभी राहिली. नामदेवांच्या लक्षात आले की पाय ठेवायला देवाविना जागाच नाही. आजवर त्यांचा देव पंढरपूरच्या विटेवर उभा होता. त्या एका विषयात ते पहिले होते, पण विषयाची वेस तेवढीच होती. विसोबांनी नवे काही पाठ करून घेतले नाही. जे येत होते त्याचीच वेस काढून टाकली.

याच औंढ्याला आणखी एक प्रसंग जोडला जातो, आणि आजीची नंदीची गोष्ट ती हीच. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले असता जातीवरून त्यांना तिथून उठवण्यात आले. ते देवळाच्या पाठीमागे गेले आणि तिथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, नंदी होता तिथेच राहिला. देवळातून उठवले गेल्याचे आणि देऊळ फिरल्याचे वर्णन शिखांच्या ग्रंथसाहिबात असलेल्या नामदेवांच्या पदातही आहे. इतिहासाचा विद्यार्थी देऊळ फिरल्याचा पुरावा मागेल, आणि त्याने तो मागावाही. पण सभेतून उठून जाणे आणि उठवले जाणे यांतला फरक ध्यानात घ्यावा. तेरहून नामदेव रागाने निघून गेले. औंढ्याला त्यांना खरोखर अन्यायाने बाजूला केले, आणि तिथे ते रागावले नाहीत, मागे जाऊन आपले काम करीत राहिले. मडके मधल्या काळात भाजले गेले होते.

ज्ञानदेवांबरोबर नामदेवांनी उत्तरेकडे तीर्थयात्रा केली. त्यांच्या तीर्थावळीच्या अभंगांत तिचे वर्णन आहे. वाळवंटी प्रदेशात दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगाच्या बळाने सूक्ष्म रूप घेऊन आत उतरले आणि पाणी पिऊन वर आले. नामदेवांना योग येत नव्हता. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर भरून वाहू लागली. या कथेत कुणी कुणाला हरवत नाही. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि पाणी दोघांनाही मिळते. ज्ञानदेवांचा विषय आपल्याला येत नाही याची खंत नामदेवांनी केली नाही, आणि आपला विषय श्रेष्ठ म्हणून मिरवलेही नाही.

१२९६ हे साल महाराष्ट्राच्या इतिहासात काळ्या अक्षरांनी लिहावे असे आहे. त्या वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली, आणि त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथही गेले. नामदेव तेव्हा २६ वर्षांचे होते. ज्या मंडळींनी त्यांना कच्चा ठरवले होते त्यांतली ही चारही भावंडे थोड्या अवधीत नाहीशी झाली. आता नामदेवांना पुन्हा तपासून पक्के म्हणायला ती येणार नव्हती. अशा वेळी माणसाला मोकळे वाटण्याचा संभव असतो. नामदेवांनी मात्र त्यांचे चरित्र लिहिले. आदि, तीर्थावळी आणि समाधी ही ज्ञानदेवांच्या जीवनावरची त्यांची प्रकरणे मराठी चरित्रवाङ्मयाच्या आरंभीच्या लेखनात मोडतात. आपल्याहून धाकट्या माणसाचे थोरपण मनापासून लिहिणे सोपे नाही. आळंदीच्या त्या शेवटच्या दिवसांचे जे चित्र आज आपल्या मनात आहे त्यातले पुष्कळसे नामदेवांनी दिलेले आहे.

यानंतर नामदेव ५४ वर्षे जगले. आपण त्यांची गोष्ट बहुधा तेर आणि औंढ्यापाशी संपवतो, पण त्यांचा मोठा अभ्यास खरे तर पुढेच झाला. ते पुन्हा उत्तरेकडे गेले आणि पंजाबात, आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे दीर्घ काळ राहिले. सुमारे वीस वर्षे, असे परंपरा सांगते. तिथे मराठी कुणाला कळणार ? वारकरी कीर्तनाची वाट ज्यांनी घालून दिली त्या माणसाला तिथे तोंड असून मुक्यासारखे झाले असेल. त्यांनी तिथल्या लोकांची भाषा शिकून घेतली, आणि ती नुसती बाजारात सौदा करण्यापुरती नव्हे. त्या भाषेत त्यांनी पदे रचली. त्या पदांत मराठी रूपे मधूनमधून डोकावतात, असे भाषेचे अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे त्या नव्या भाषेतला त्यांचा पाया काही निर्दोष नव्हता. तरी १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन केले तेव्हा नामदेवांची ६१ पदे त्यात घेतली गेली. मराठी वळण राहिले म्हणून कुणी ती गाळली नाहीत.

या पदांचा पुढचा प्रवास आपल्या भागाला जवळचा आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला, आणि आपल्यानंतर ग्रंथालाच गुरू मानावे असे सांगितले. म्हणजे नर्सीच्या घराण्यातल्या शिंप्याचे शब्द पंजाबात जाऊन, तिथल्या ग्रंथात शिरून, पुन्हा गोदावरीच्या काठी, नर्सीपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ, गुरू म्हणून परत आले. नर्सीला दर्शनासाठी पंजाबी माणसे येतात तेव्हा आपण त्यांना पाहुणे समजतो. ते एका अर्थाने आपल्याच गावच्या विद्यार्थ्याची वही घेऊन आलेले असतात. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, त्याचेही कारण हेच.

परकी भाषा शिकण्याची वेळ आपल्या भागावर पूर्वीही आलेली आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. माझे पणजोबा शाळेत उर्दूतून शिकले. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि कोर्टातले कागदही उर्दू. आमच्या घरच्या जुन्या कागदांवर त्यांची उर्दू सही आहे. ती पाहून मला पूर्वी फक्त गंमत वाटे. आता वाटते की ती शिकताना त्यांनाही कुणीतरी कच्चा म्हटले असेल.

औंढ्याला विसोबांनी दिलेल्या धड्याची खरी परीक्षा मात्र भाषेची नव्हती. ती १३३८ मध्ये झाली. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली मजुरी करणारी माणसे दडपून मेली. त्यांत चोखामेळा होते. महार म्हणून ज्यांना जन्मभर देवळाच्या पायरीवर येऊ दिले नाही, ते चोखोबा. नामदेव तेव्हा ६८ वर्षांचे होते. ते मंगळवेढ्याला गेले. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून चोखोबांची हाडे त्यांनी शोधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून ती उचलली, असे परंपरा सांगते. ती हाडे पंढरपूरला आणून त्यांनी महाद्वारासमोर समाधी बांधली. देवाविना जागा नाही, हे वाक्य म्हणून लिहायला मलाही येते, परीक्षेत त्याला गुणही मिळतील. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाची हाडे कानाला लावून पाहणे, हे त्या धड्याचे उत्तर होते. शिकल्यानंतर चार तपे उलटल्यावर ते लिहिले गेले.

१३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीला, वयाच्या ८० व्या वर्षी नामदेवांनी पंढरपुरात देह ठेवला. जागा त्यांनीच निवडली होती, असे मानतात. महाद्वाराची पहिली पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी, हा हेतू. डोक्यावर थापटणे बसले म्हणून जो तरुण तेरच्या सभेतून उठून गेला, त्यानेच म्हातारपणी सगळ्यांचे पाय डोक्यावर पडतील अशी जागा मागून घेतली. मधली ५५-६० वर्षे कुठे गेली, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर कळते. नामदेवांची प्रगती एवढ्यात सांगून होते.

एक गोष्ट राहिली. शतकोटी अभंग करण्याचा संकल्प नामदेवांनी केला होता, अशी आख्यायिका आहे. घरातल्या सर्वांनी, जनाबाईनेसुद्धा, त्यासाठी रचना केली. संकल्प पुरा झाला नाही. सुमारे तीनशे वर्षांनी तुकाराम महाराजांच्या स्वप्नात पांडुरंगासह नामदेव आले आणि उरलेले अभंग तू पुरे कर असे त्यांनी सांगितले, अशी परंपरा आहे. तुकाराम महाराजांचे कवित्व तिथून सुरू होते. संतांमधला एवढा मोठा माणूस जाताना आपला अभ्यास अपुरा आहे हे मान्य करतो, आणि लाज न बाळगता पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती वही देतो, हे मला त्या सोन्याच्या धोंड्याहून मोठे वाटते.

आता पुन्हा माझ्याकडे. औंढ्याहून परतताना एसटीत मी आजीला निकाल सांगितला. तिला इंग्रजीतले गुण किती हे कळले, पण किती असायला हवेत ते कळले नाही. तिने एवढेच विचारले की मग आता कुणाकडे जाणार. मी कॉलेज सोडणार की राहणार, असे तिने विचारले नाही. तो प्रश्न तिच्या मनातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच अध्यापकांकडे गेले. माझा पाया कच्चा आहे, तर तो कुठून कच्चा आहे ते सांगा, असे विचारले. ते जरा गोंधळले. मग त्यांनी मला बसायला सांगितले आणि दहा सोपी वाक्ये लिहायला दिली. त्यांतली सहा चुकली. चुका पाहून ते म्हणाले की सातवीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागेल. मला पुन्हा राग आला, तो मी गिळला. धाकट्या भावाचे सातवीचे पुस्तक घेतले. तो मला शिकवायला बसतो आणि त्याला त्यात फार मौज वाटते. मुक्ताबाईची आठवण काढून मी ते सहन करते.

हा लेख देईपर्यंत त्या विषयाची फेरपरीक्षा व्हायची आहे. मी उत्तीर्ण होईन की नाही, हे आज सांगता येत नाही. क्रियापदाची रूपे अजून चुकतात. अर्थशास्त्राच्या ४१ गुणांकडेही आता पाहायला हवे, कारण तिथे मी समजून न घेता पाठ केलेले होते, हे माझे मलाच ठाऊक आहे. मराठीतल्या ७२ गुणांचाही पूर्वीसारखा भरवसा वाटत नाही. पाच विषयांतली माझी प्रगती विचाराल तर इतकीच आहे : आता मी त्या तासाला पुढच्या बाकावर बसते, आणि उत्तर चुकले तर उठून जात नाही.